खेळाचा नियम कळतो कसा? : जपानी आर्केड खेळांच्या शैलींविषयी

जपानमधील आर्केड खेळांचे, म्हणजे सार्वजनिक खेळघरात यंत्रात नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांचे, वर्गीकरण बहुधा त्यांच्या विषयावरून केले जाते. गोळीबाराचे खेळ, मारामारीचे खेळ, शर्यतीचे खेळ, कोड्यांचे खेळ ही यादी सर्वांच्या परिचयाची आहे. दुकानदाराला मांडणीसाठी आणि गिऱ्हाइकाला निवडीसाठी ती उपयोगी पडते हे मान्य. परंतु अभ्यासकाने तिच्यावर विसंबावे अशी तिची योग्यता नाही. कादंबऱ्यांना 'ग्रामीण' आणि 'ऐतिहासिक' अशा चिठ्ठ्या डकविल्याने शैलीचा प्रश्न सुटत नाही, तसाच हा प्रकार आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) आणि 'दोदोनपाची' (१९९७) या दोहोंत पडद्याच्या तळाशी असलेला खेळाडू वरच्या शत्रूंवर गोळ्या झाडतो. म्हणून यादीत दोन्ही एकाच खणात पडतात. प्रत्यक्षात एकावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या खेळाडूला आपण परक्या भाषेच्या मुलखात आलो की काय असे वाटू लागते. हा फरक विषयाचा नव्हे हे उघड आहे. मग तो कशाचा?

प्रस्तुत लेखकाच्या मते तो नियम कळण्याच्या रीतीचा आहे. बुद्धिबळात किंवा पत्त्यांत नियम आधी कोणीतरी सांगतो आणि मग डाव मांडला जातो. आर्केड खेळात पैसे आधी जातात. यंत्रावरील सूचनांच्या चार ओळी बटणे कोणती एवढेच सांगतात. शत्रू कसा वागतो, कोणती हालचाल घातक आणि कोणती लाभदायक, हे खेळताखेळताच उमगावे लागते. मूल भाषा शिकते तेही असेच, व्याकरण न वाचता, कानांवर पडलेल्या वाक्यांवरून नियम बांधीत. फरक इतकाच की मुलाला प्रत्येक चुकीला शंभर येनचे नाणे मोजावे लागत नाही. ही यंत्रे नाणी गिळण्यासाठीच बनविली गेली, त्यांत शैली कसली शोधता, असा आक्षेप घेतला जातो. नाण्याचा हेतू नाकारण्याचे कारण नाही. पण चूक महाग झाली म्हणजे नियम कसा आणि किती कळू द्यावा हा रचनाकारापुढील मुख्य प्रश्न होऊन बसतो, आणि निरनिराळ्या रचनाकारांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली. शैलीभेदाचे मूळ तेथे आहे.

सर्वांत साधे उत्तर तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये आढळते. अकरांच्या पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी आडवे सरकत खाली उतरतात. नियम एका दृष्टिक्षेपात कळतो. तरीही त्यात एक गोष्ट अशी आहे की जी कोणी नियम म्हणून लिहिली नव्हती. शत्रू जसजसे कमी होत जातात तसतशी उरलेल्यांची गती वाढते. याचे कारण यंत्राच्या दुबळेपणात होते. त्याच्या गणकाला पंचावन्न आकृत्या हलविण्यास वेळ लागे. आकृत्या घटल्या की काम हलके होऊन वेग आपोआप वाढे. निशिकादो यांनी तो दोष दुरुस्त न करता तसाच ठेविला आणि चार उतरत्या स्वरांची पार्श्वध्वनीही त्याबरोबर द्रुत होत जाईल अशी योजना केली. यश जवळ येईल तसे संकट वाढते, हा अनुभव अशा रीतीने यंत्राच्या मर्यादेतून जन्मास आला.

'पॅक-मॅन' (१९८०) या नाम्को कंपनीच्या खेळात भाषेच्या अभ्यासकाला दुहेरी आस्था वाटावी. त्याचे कर्ते तोरू इवातानी यांनी आपल्या कल्पनेचा आरंभ 'ताबेरू', म्हणजे 'खाणे', या क्रियापदापासून झाल्याचे सांगितले आहे. नायकाचे नाव 'पाकु पाकु' या तोंडाच्या उघडझापीच्या अनुकरणवाचक शब्दावरून आले. जपानी भाषेत अशा शब्दांचे भांडार अफाट आहे, आणि 'गपागपा', 'मटामटा', 'मचमच' म्हणणाऱ्या मराठी भाषकाला त्याची रुची वेगळी समजावून देण्याची गरज नाही. क्रिया, तिचा नाद आणि तिची लय ही तिन्ही एकाच द्विरुक्तीत सामावतात; खेळातील नायकही याहून अधिक काही नाही. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. तो म्हणजे निव्वळ एक क्रियापद आहे.

नियमाचा प्रश्न मात्र नायकाकडे नाही, त्याचा पाठलाग करणाऱ्या चार भुतांकडे आहे. दिसण्यात त्यांत रंगापलीकडे भेद नाही. पण जपानी आवृत्तीत त्यांचे स्वभाव नावांनिशी दिलेले आहेत : 'ओइकाके' म्हणजे पाठलाग करणारा, 'माचिबुसे' म्हणजे दबा धरणारा, 'किमागुरे' म्हणजे लहरी आणि 'ओतोबोके' म्हणजे वेड पांघरणारा. लाल भूत नायकाच्या मागे लागते. गुलाबी भूत तो जेथे आहे तेथे न जाता, त्याच्या तोंडासमोरच्या दिशेने चार घरे पुढचा बिंदू गाठू पाहते. नारिंगी भूत दूर असताना चालून येते आणि आठ घरांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. हे आकडे खेळाडूला कोणी सांगत नाही. वारंवार फसून तो प्रथम स्वभाव ओळखतो आणि पुढे त्या स्वभावामागील नियम हेरतो. भाषेतील अपवाद वाटणारी रूपे पुरेशी ऐकली म्हणजे त्यांतील नियमितता जाणवू लागते, तसेच हे घडते. नियम येथे दडलेला आहे, परंतु एकट्या माणसाच्या आवाक्यातला आहे.

मासानोबू एंदो यांच्या 'टॉवर ऑफ द्रुआगा' (१९८४) या खेळाने ही शेवटची अटही मोडली. साठ मजल्यांचा मनोरा चढावयाचा; बहुतेक मजल्यांवर एक पेटी गुप्त असते आणि ती प्रकट होण्याची अट मजल्यागणिक बदलते. पहिल्या मजल्यावर हिरवे चिखलगोळे मारल्यावर कुदळ मिळते. ही अट अपघातानेही सापडेल. पुढील अटी मात्र अशा विक्षिप्त आहेत की त्या तर्काने सुचू नयेत. काही वस्तू हुकल्या तर पुढे मार्गच खुंटतो, आणि खेळ याविषयी अवाक्षर काढीत नाही. एका माणसाने आपल्या नाण्यांवर हा खेळ उलगडावा हे व्यवहारतः अशक्य होते. म्हणून खेळघरांतून वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. ज्याला जी अट सापडली ती त्याने लिहावी, दुसऱ्याने वाचून पडताळावी, चुकीची असल्यास खोडावी. रचनेच्या दृष्टीने पाहता 'द्रुआगा' हा सदोष खेळ आहे, असे म्हणण्याचा मोह होतो आणि प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे त्या मताचा होता. आता ते मत टिकत नाही. या खेळाचा खरा खेळाडू एक व्यक्ती नसून तो समाज आहे, आणि त्याचे व्याकरण यंत्रात अर्धे व वहीत अर्धे आहे.

'स्ट्रीट फायटर २' (१९९१) या कॅपकॉमच्या खेळात प्रश्न आणखी एक वळण घेतो. येथे समोर जिवंत प्रतिस्पर्धी आहे. खाली, मग खाली-पुढे तिरके, मग पुढे अशी दांडी फिरवून ठोशाचे बटण दाबले की 'हादोकेन' हा अस्त्रप्रकार सुटतो. यातील 'पुढे' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. तो डावे वा उजवे सांगत नाही. प्रतिस्पर्धी ज्या बाजूस असेल ती बाजू 'पुढे'. तो उडी मारून पलीकडे गेला की 'पुढे'चे 'मागे' होते आणि हाताची सवय क्षणात उलटवावी लागते. 'इकडे', 'तिकडे', 'मी', 'तू' या वक्तृसापेक्ष शब्दांचा अर्थ बोलणारा बदलताच बदलतो. खेळाच्या क्षेत्रात त्याचे इतके शुद्ध उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल. (या खेळातील आठ योद्ध्यांत ढाल्सिम नावाचा एक 'भारतीय' योगी आहे. त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ असून तो तोंडाने अग्नी फेकतो. जपानी रचनाकारांचे भारताविषयीचे ज्ञान किती होते हे त्यावरून कळते. त्याचे लांब पसरणारे हातपाय मात्र खेळाच्या शैलीत खरोखरीची भर घालतात.)

परंतु याहून महत्त्वाची घटना निराळी आहे. खेळ सिद्ध होत असताना, मोटार फोडण्याच्या अधिक गुणांच्या फेरीत दोष तपासताना, नोरिताका फुनामिझू यांच्या असे ध्यानात आले की एक प्रहार पुरता होण्याच्या आतच त्याला दुसरा जोडता येतो. हे कोणी योजिलेले नव्हते. साधण्यास फार अवघड म्हणून ते निरुपद्रवी मानले गेले आणि तसेच राहू दिले. खेळाडूंनी ते साधले. प्रहारांच्या त्या जोडणीवाचून पुढे या प्रकारचे खेळ कल्पिणेही कठीण झाले. १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २'मध्ये यंत्र स्वतःच जोडलेले प्रहार मोजून पडद्यावर दाखवू लागले व त्याचे गुण देऊ लागले. प्रयोग आधी आणि व्याकरणाची मान्यता मागाहून, हा क्रम आपणांस अपरिचित नाही. शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही, या पतंजलीच्या विचाराला येथे एक अनपेक्षित साक्षीदार मिळतो.

हे ज्ञान पसरले कसे, याचा पुरावा आपल्याकडेही आहे. १९९० नंतर महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. कॅपकॉमचाच 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' (१९९३) हा खेळ तेथे त्यातील एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणून ओळखला गेला. त्याचे इंग्रजी नाव वाचण्याची कोणास गरज पडली नाही. प्रस्तुत लेखक त्या गर्दीत उभा असे, आणि खिशात नाणे नसलेल्या दिवशीच तो अधिक शिकला.

आता 'दोदोनपाची'कडे परत येता येईल. केव्ह या कंपनीच्या या खेळाच्या प्रकाराला 'दानमाकु', म्हणजे गोळ्यांचा पडदा, असे नाव आहे. पडदा गोळ्यांनी इतका भरून जातो की त्यातून यान निसटणे नवख्याला चमत्कार वाटावा. याचे रहस्य असे की गोळी लागते ती यानाच्या चित्राला नव्हे, चित्राच्या मध्यावरील एका इवल्या भागाला. पंखांवरून गोळ्या सुखेनैव निघून जातात. सोस्यूरच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्हक आणि चिन्हित यांची येथे फारकत झाली आहे : डोळ्यांना दिसते ते यान वेगळे आणि नियमाला ठाऊक असलेले यान वेगळे. खेळाडू जो शिकतो तो डोळ्यांवरचा हा अविश्वास होय. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये जे दिसते तेच खरे होते. दोन्ही खेळ एका खणात का बसत नाहीत याचे उत्तर हे आहे.

या कसोटीला मर्यादाही आहेत. 'हँग-ऑन' (१९८५) या सेगाच्या शर्यतीत प्रत्यक्ष मोटारसायकलीच्या सांगाड्यावर बसून कलावे लागते; कोनामीच्या 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'मध्ये (१९९८) कोणता बाण केव्हा तुडवावा हे पडदा उघडपणे सांगतो. तेथे नियम शोधावयाचा नसून शरीराने पाळावयाचा असतो. अशा खेळांविषयी प्रस्तुत विवेचन फारसे काही सांगू शकत नाही, आणि त्यांना ओढूनताणून चौकटीत बसविण्याचा आमचा आग्रह नाही.

एक अडचण मात्र तातडीची आहे. ज्या 'सुपर स्ट्रीट फायटर २'ने प्रहारांची जोडणी मोजली, त्याच्या मंडलपट्टीवर एक लहान बॅटरी होती; ती संपली की सांकेतिक किल्ली पुसली जाऊन यंत्र कायमचे मुके होई. छंदिष्ट अभ्यासकांनी २००७ मध्ये तो संकेत पूर्णपणे उलगडला, म्हणून खेळाचे लिखित रूप आज वाचले आहे. खेळघरांचे तसे नाही. २०२२ मध्ये सेगाने जपानमधील आपल्या खेळघरांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि त्यांवरील सेगाचे नाव गेले. यंत्रातील अर्धे व्याकरण जतन झाले; वहीतील अर्ध्याचे काय? १९८४ साली 'द्रुआगा'पुढे उभी असलेली मुले आता पन्नाशीत किंवा त्यापुढे आहेत. बोलींच्या पाहणीत आपण वृद्ध भाषकांकडे प्रथम जातो आणि त्यांना एकेक शब्द विचारतो. येथे प्रश्नावली लहान पुरेल : कोणत्या मजल्याची अट तुम्हांला कोणी सांगितली, ती वहीत वाचली की दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिली, आणि जी अट सापडली ती तुम्ही लिहून ठेवलीत की स्वतःपाशीच राखलीत?