रानाच्या नकाशावरील कोरी जागा

जंगलाच्या नकाशावर दोन जातींच्या गोष्टी येतात. तलाव, टेकडी, रस्ता, वनरक्षकाची चौकी जागा सोडत नाहीत. वाघ, अस्वल, गवे, रानकुत्री एका जागी थांबत नाहीत. पहिल्या जातीची नोंद करण्याची कला भारतात जुनी आणि पक्की आहे. दुसऱ्या जातीची कला गेल्या पन्नास-साठ वर्षांत घडली. मोजण्याच्या बाबतीत ती पुष्कळ पुढे गेली, दाखवण्याच्या बाबतीत मात्र मागे राहिली.

ही तफावत पाहायला गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा परिसर सोयीचा आहे. तिरोडा तालुक्यातले हे गाव नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारांपैकी एक. 1970 मध्ये घोषित झालेले हे सुमारे 152 चौरस किलोमीटरचे अभयारण्य 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. नवीन नागझिरा, कोका आणि नवेगाव ही अभयारण्ये व नवेगाव राष्ट्रीय उद्यान धरून प्रकल्पाचे गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या वर जाते. ते सलग नसून तुकड्यातुकड्यांचे आहे, त्यामुळे इथे नकाशाला विशेष महत्त्व येते.

स्थिर गोष्टींचे संकेत भारतीय सर्वेक्षण विभागाने ठरवून दिले आहेत. 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकावर पाणी असलेले तलाव व नद्या निळ्या, कोरडे ओढे काळे, उंचीच्या रेषा तपकिरी, झाडोरा हिरवा. कोरड्या आणि वाहत्या ओढ्यांना वेगळा रंग देण्यात मोठे शहाणपण आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, या मुलखात पावसाळ्यात भरलेली बोडी मे महिन्यात तडकलेली माती असते, आणि वाचणाऱ्याला तो भेद रंगावरून कळतो. प्राण्यांच्या नकाशाला असा सर्वमान्य संकेत अजून लाभलेला नाही.

वाघाची पद्धतशीर नोंद पाऊलखुणांपासून सुरू झाली. सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये ओडिशात ही रीत बसवली: ठशावर काच ठेवून आकार उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. 1972 च्या पहिल्या देशव्यापी गणनेत 1,827 वाघांचा आकडा आला. या पद्धतीने वनरक्षकाला पायवाट वाचायला शिकवले, हे तिचे मोठे देणे. पण माती ओली की भुसभुशीत, वाघ चालत होता की धावत, यावर ठसा बदलतो आणि ओळख पाहणाऱ्याच्या नजरेवर राहते. 2005 मध्ये राजस्थानातील सरिस्कात वाघ उरलेच नसल्याचे उघड झाले, तेव्हा आदल्या वर्षापर्यंतच्या कागदांवर ते होते. कागदावर एकदा उमटलेला प्राणी आपोआप पुसला जात नाही, हा त्या घटनेचा धडा.

2006 पासून दर चार वर्षांनी होणारी गणना वेगळ्या पायावर उभी आहे. वनरक्षक आपल्या बीटमध्ये ठरलेल्या वाटा चालतो. विष्ठा, ओरखडे, ठसे टिपतो. ट्रान्सेक्ट लाइनवर, म्हणजे आखून दिलेल्या सरळ रेषेवर, चितळ, सांबर, नीलगाय मोजतो. जंगल दोन चौरस किलोमीटरच्या चौकटींत विभागून समोरासमोर दोन ट्रॅप कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. 2022 च्या गणनेत देशाचा सरासरी अंदाज 3,682 आणि महाराष्ट्राचा 444 होता. 2010 पासून वापरात आलेल्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत वनरक्षक किती चालला, कुठून चालला, हेही नोंदले जाते. प्राणी दिसला की नाही याइतकेच शोध कुठे घेतला हे महत्त्वाचे आहे, याची ती कबुली होय.

छापील नकाशात मात्र ही कबुली विरघळते. घनतेचा नकाशा फिकट ते गडद अशा एका रंगात येतो. अंदाजाची अनिश्चितता मागच्या तक्त्यात राहते. संख्याशास्त्राने काढलेला वावराचा मध्यबिंदू वाचणाऱ्याला वाघाचा पत्ता वाटतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या पाणवठ्यावरील नोंदींचेही तसेच. ‘निसर्गानुभव’ म्हणून हा उपक्रम मोलाचा आहे, पण त्याचे सगळे ठिपके पाणवठ्यांवरच पडतात, कारण माणसे तिथेच बसलेली असतात. अशा नकाशावरून उरलेले रान ओसाड ठरवणे चूक आहे.

रिकामी जागा आणि न शोधलेली जागा वेगळी कशी दाखवायची, हा प्रश्न संगणकावरील भुयार-शोधाच्या खेळांनी फार पूर्वी सोडवला. 1980 च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी रचलेल्या ‘रोग’ या खेळात चित्रे नव्हती. राक्षसांना इंग्रजी मोठी अक्षरे आणि वस्तूंना विरामचिन्हे दिली होती. 1987 च्या ‘नेटहॅक’ने ही भाषा आणखी नेमकी केली. न पाहिलेला भाग पडद्यावर कोरा राहतो. पाहिलेल्या मोकळ्या जमिनीवर टिंब येते. एकदा दिसलेली वस्तू आठवण म्हणून नकाशावर टिकते, पण नजरेआड झालेला राक्षस पुसला जातो. जाणवलेल्या पण न दिसलेल्या जिवासाठी वेगळे अक्षर आहे. म्हणजे पाहिलेले, आठवलेले, जाणवलेले आणि न शोधलेले या चार अवस्था चार तऱ्हांनी दिसतात. खेळणाऱ्याचा जीव या भेदावर अवलंबून असल्याने रचनाकारांना तो टाळता आला नाही.

वनखात्याच्या कामातही तो टाळण्यासारखा नाही. नागझिऱ्याचा ‘जय’ वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला, पुढे त्याला रेडिओ कॉलर लावली, आणि एप्रिल 2016 नंतर त्याचा ठाव लागला नाही. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या दोन वाघिणी कॉलरसह नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. कॉलरचा प्रत्येक बिंदू वेळेसह येतो. वेळ काढून टाकली की ताजा बिंदू आणि जुनी आठवण सारखीच दिसतात.

संचारमार्गांचे नकाशे आणखी जपून वाचावे लागतात. कान्हा, नवेगाव-नागझिरा, ताडोबा आणि इंद्रावती यांना जोडणारी पट्टी संगणकाने ‘सर्वात कमी अडथळ्याची वाट’ म्हणून आखलेली असते. प्रत्यक्षात वाघ शेतातून, नाल्यातून, राष्ट्रीय महामार्ग 53 ओलांडून जातो. आखीव रेषेबाहेरची जमीन मोकळी समजून तिथे बांधकाम झाले, तर नकाशाच मार्ग तोडायला कारण होतो.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. वाघाचे नेमके, ताजे ठिकाण जाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवणे. म्हणून लोकांसाठीचा नकाशा ढोबळ असणे योग्यच. पण ढोबळ असूनही तो प्रामाणिक असू शकतो: बिंदूऐवजी मोठी चौकट, तारखेऐवजी हंगाम.

मोजणीसाठी लागणारी माहिती आज हाताशी आहे. उणीव आहे ती संकेतांची. छायाचित्र, प्रत्यक्ष दर्शन आणि नुसती खूण यांना तीन वेगळी चिन्हे हवीत. नोंद जुनी होईल तसा रंग फिका व्हावा. आणि सर्वात आधी, शोधूनही प्राणी न सापडलेली जागा व कोणी न फिरकलेली जागा यांत फरक दिसावा. पहिलीत संरक्षण कुठे कमी पडले हे तपासायचे असते, दुसरीत वनरक्षकाला पाठवायचे असते. दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या ठेवणारा नकाशा यांपैकी एकही काम सुचवत नाही.