किमोनोची घडी

आमच्या सीमाभागातल्या व्यासपीठांवर जपानचे नाव फार निघते. मातृभाषेचा प्रश्न आला की जपान, स्वदेशीचा आला की जपान, शिस्तीचा आला की पुन्हा जपानच. मीही त्याला अपवाद नाही. ‘जपानने पश्चिमेची विद्या घेतली, यंत्रे घेतली, पण आपला पोशाख सोडला नाही,’ हे वाक्य मी मुख्याध्यापक होण्याच्या आधीपासून बोलत आलो आणि त्यावर टाळ्याही घेत आलो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात ते वाक्य सवयीने तोंडातून गेले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, फोटोत तर सगळे पुरुष कोट-पँटमध्ये असतात. बायकाच तेवढ्या किमोनोत असतात. मग पोशाख सोडला नाही तो कुणी?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. इतिहासाच्या पुस्तकांनी त्याला तारखा पुरवल्या. उत्तर मात्र मला कथा-कादंबऱ्यांत सापडले. इंग्रजी अनुवादातून वाचलेल्या चार जपानी कलाकृतींबद्दल इथे लिहितो आहे, ते त्या मुलीच्या प्रश्नाचे ऋण म्हणून.

आधी तारखा. जपानमध्ये पुरुषांचा पोशाख बदलला तो मुख्यतः सरकारी हुकमाने. 1871 साली केस कापण्याविषयीचा आदेश निघाला. 1872 साली सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पद्धतीचा पोशाख ठरवून दिला गेला. लष्कर, टपाल, रेल्वे यांचे गणवेश त्याच वळणाने गेले. यामागे केवळ हौस नव्हती. पाश्चात्त्य राष्ट्रांशी झालेले विषम तह मोडून काढायचे, तर ‘आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत’ हे दाखवणे भाग होते, आणि दाखवायची पहिली गोष्ट म्हणजे अंगावरचा कपडा. त्याच हेतूने 1883 मध्ये टोकियोत रोकुमेइकान नावाचे नृत्यगृह उभे राहिले. तिथे मंत्र्यांच्या बायका-मुली युरोपीय झगे घालून परक्या वकिलातींतल्या पाहुण्यांबरोबर नाचू लागल्या.

र्‍युनोसुके आकुतागावाची ‘बुतोकाई’ (नृत्यसमारंभ) ही 1920 मधली छोटी कथा याच वास्तूत घडते. साल 1886. सतरा वर्षांची आकिको गुलाबी झगा घालून वडिलांबरोबर जिना चढते आहे. एक फ्रेंच नौदल अधिकारी तिच्याबरोबर नाचतो, तिची स्तुती करतो, आणि आतषबाजी पाहता पाहता उदास होतो. हा अधिकारी म्हणजे कादंबरीकार म्हणून गाजलेला पिएर लोती. गंमत अशी की, लोतीने स्वतः या समारंभाचे वर्णन केले आहे ते टवाळीच्या सुरात. ती इमारत त्याला फ्रान्समधल्या एखाद्या हवा खाण्याच्या गावातल्या कॅसिनोसारखी वाटली आणि ते झगे उसने. आकुतागावाने ती टवाळी पुसून टाकली आणि मुलीला तिची शोभा परत दिली. हे त्याचे मोठेपण. पण कथा इतकी नाजूक आहे की एक प्रश्न ती विचारतच नाही: त्या झग्यात आकिकोला श्वास घेता येत होता का? राष्ट्राची पत सतराव्या वर्षी एका मुलीच्या कंबरेभोवती आवळलेली असते, आणि लेखक आपल्याला आतषबाजी दाखवतो.

तहांची दुरुस्ती व्हायला 1894 उजाडले. पण रोकुमेइकानचा बहर त्याआधीच ओसरला होता. 1887 मध्ये सम्राज्ञीने स्त्रियांनी पाश्चात्त्य वेश स्वीकारावा, मात्र कापड शक्यतो देशी वापरावे, असे सांगितले; तरी सामान्य घरांतल्या बायका किमोनोतच राहिल्या. याचे कारण संस्कृतीइतकेच हिशेबाचेही आहे. किमोनोचे कापड सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम एका हाताच्या पन्ह्याचे. त्याचे सरळ तुकडे कापतात, वाया काहीच जात नाही. मळला की शिवण उसवायची, तुकडे धुऊन ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. आईचा किमोनो लेकीला होतो आणि शेवटी पोतेरे होते. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसेच. जिथे कापड महाग आणि घरातल्या बाईचा वेळ फुकट, तिथली ही व्यवस्था आहे. सुती कापड पुढे गिरण्यांनी स्वस्त केले, आणि त्यात आपलाही एक धागा आहे. 1893 मध्ये निप्पोन युसेन कैशा या जपानी कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबईची जहाजवाहतूक सुरू केली, ती आपला कापूस जपानी गिरण्यांना पोचवण्यासाठी. ज्याला आपण ‘अस्सल जपानी’ वेश म्हणतो, त्यातल्या कित्येकांचा कापूस मुंबई बंदरातून गेलेला असणार.

आता जुनिचिरो तानिझाकीकडे वळू. त्याची ‘चिजिन नो आई’ (एका खुळ्याचे प्रेम) 1924-25 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. जोजी हा पगारदार इंजिनियर एका कॅफेत काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या नाओमीला घरी आणतो. तिचा चेहरा त्याला मेरी पिकफर्ड या अमेरिकन नटीसारखा वाटतो. तो तिला इंग्रजी शिकवतो, नाच शिकवतो, तऱ्हेतऱ्हेचे कपडे घेऊन देतो. हळूहळू नाओमी त्याच्याच डोक्यावर बसते. कादंबरीकडे आजवर ‘पाश्चात्त्य मोहाची शोकांतिका’ म्हणून पाहिले गेले, आणि तसे ते चुकीचे नाही. पण मला त्यात दिसली ती शिंप्याची आणि दुकानदाराची बिले. जोजीचा पगार पुरत नाही, तो गावाकडे आईला पैसे मागतो, आणि आई गेल्यावर वडिलोपार्जित जमीन विकतो. शेतीतला पैसा शहरातल्या कपड्यांत कसा वाहून जातो याची ही नोंद आहे. तानिझाकी ती हसत हसत करतो, म्हणून ती जिव्हारी लागते.

त्याच 1925 साली वाजिरो कोन या अभ्यासकाने टोकियोच्या गिन्झा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे मोजले. शंभरांतले 67 पुरुष पाश्चात्त्य वेशात होते. बायकांत हे प्रमाण होते शंभरांत एक. नाओमी ही त्या शंभरांतली एक. जिच्यावर सारा समाज बोट रोखतो ती एकटी. आणि 67 पुरुषांकडे कुणाचे लक्षही नाही! माझ्या नववीतल्या मुलीने जे फोटोत पाहिले, ते कोन यांनी शंभर वर्षांपूर्वी मोजून ठेवले होते.

पुरुषांनी वेश बदलला तेव्हा त्याला प्रगती म्हटले गेले. बायकांनी बदलायचा तर त्याला काहीतरी निमित्त लागले. 1932 च्या डिसेंबरात टोकियोतल्या शिरोकिया या मोठ्या दुकानाला आग लागून चौदा माणसे गेली. त्यानंतर एक कथा रूढ झाली. दोरांवरून उतरणाऱ्या विक्रेत्या मुलींनी वाऱ्याने उडणारा किमोनो सावरण्यासाठी हात सोडले, त्या पडल्या, आणि मग बायका पाश्चात्त्य अंतर्वस्त्रे वापरू लागल्या, अशी. शोइची इनोउए या अभ्यासकाने पुढे ही कथा तपासली आणि तिला आधार नाही असे दाखवले. तरी ती अनेक दशके पुस्तकांतून फिरत राहिली. लाजेपायी जीव देणारी बाई ही कल्पना सांगणाऱ्यांना सोयीची वाटली असावी.

‘सासामेयुकी’ ही तानिझाकीची मोठी कादंबरी. 1943 मध्ये एका मासिकातून ती येऊ लागली आणि ऐन युद्धात असले चैनीचे लिखाण नको म्हणून लष्कराच्या दबावाने थांबली. पूर्ण झाली ती 1948 मध्ये. ओसाकातल्या एका उतरत्या व्यापारी घराण्यातल्या चार बहिणींची ही कहाणी. तिसरी युकिको नेहमी किमोनोत, धाकटी ताएको बहुधा पाश्चात्त्य कपड्यांत, आणि दुसरी साचिको उन्हाळ्यात एक तर एरवी दुसरा. इथपर्यंत आपल्याला वाटते की, लेखकाने जुन्या-नव्याची सोयीस्कर वाटणी केली आहे. पण तीच ताएको पारंपरिक ओसाका नृत्य शिकते आणि किमोनो घालून ते उत्तम करते. आणि जुन्या वळणाची युकिको फ्रेंचच्या शिकवणीला जाते. कपड्यावरून माणूस ओळखणाऱ्यांची तानिझाकीने अशी फजिती केली आहे.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. संगीताच्या कार्यक्रमाला निघायचे आहे, आणि साचिकोचा ओबी (कंबरेला गुंडाळायचा रुंद, भरजरी पट्टा) श्वासागणिक कुरकुरतो. एक सोडला, दुसरा बांधला, तोही कुरकुरतो. बहिणी हसून बेजार. आकुतागावाने जो प्रश्न विचारला नव्हता, तो इथे एका विनोदी प्रसंगात सहज विचारला गेला आहे. अंगावरचे वस्त्र वाजते, टोचते, आवळते, हे आधी ज्याला कळले तोच वस्त्राबद्दल खरे लिहू शकतो.

मात्र कादंबरीचे मर्म दुसरीकडे आहे. ताएकोला पाश्चात्त्य कपडे नुसते घालायचे नाहीत, शिवायला शिकायचे आहेत. त्यासाठी फ्रान्सला जायचे आहे. थोरल्या घराचा विरोध होतो तो झग्याला नव्हे, शिवणकामाला. आमच्या घराण्यातली मुलगी शिवणकाम करून पोट भरणार? झगा घातला तर फॅशन, शिवला तर नामुष्की! आपल्या मध्यमवर्गीय घरांना हे वाक्य परके वाटू नये. 1938 च्या कोबेच्या महापुरात ताएको सापडते, तीही शिवणशाळेत गेलेली असताना. युद्धानंतर अशा शिवणशाळांना जपानभर ऊत आला. असंख्य घरांत शिवणयंत्रावर झगे शिवले गेले आणि बायकांचा रोजचा पोशाख बदलला. त्याला कुणाचा हुकूम लागला नाही. कारखान्यात, कचेरीत कामाला जाणाऱ्या बाईला किमोनो उसवून धुवायला वेळ उरला नव्हता. कापड स्वस्त झाले आणि वेळ महाग झाला, हिशेब उलटला.

मग किमोनोचे काय झाले? त्याचे उत्तर यासुनारी कावाबाताच्या ‘कोतो’ (जुनी राजधानी) या 1962 च्या कादंबरीत आहे. क्योतोतला किमोनोचा घाऊक व्यापारी ताकिचिरो ओबीसाठी नवे नक्षीचित्र काढायला मठात जाऊन बसतो आणि प्रेरणा घेतो ती पाउल क्ले या युरोपीय चित्रकाराकडून! हे विसंगत वाटेल. पण निशिजिनचे विणकर 1872 मध्येच फ्रान्समधल्या लियाँला जाऊन जॅकार्डचा माग शिकून आले होते. ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिच्या पोटात परदेशी यंत्र केव्हाच धडधडत होते. हिदेओ हा तरुण विणकर ते चित्र पाहून स्पष्ट सांगतो की, यात मेळ नाही. व्यापारी संतापतो. तरी हिदेओ ओबी विणतो. विणकर मालकाला नक्षीतला दोष दाखवतो, हा क्षण मला पूर्ण कादंबरीतला सर्वांत धीट वाटतो.

कावाबातावर हळहळ्या स्वभावाचा आरोप होतो. चेरीची फुले, सणांच्या मिरवणुका, मावळते सौंदर्य, हे सारे इथे आहे, आणि अधूनमधून अतीच आहे. पण त्याने नायिकेला एक जुळी बहीण दिली. चिएको किमोनोच्या दुकानात वाढली. नाएको डोंगरातल्या देवदारांच्या गावी मजुरी करते. चिएको तिच्यासाठी ओबी विणून घेते, आणि नाएको तो एका उत्सवाला नेसून जाते. एकच चेहरा, एकीच्या घरी कापडाचे ठाण, दुसरीच्या अंगावर कामाचे कपडे. ‘जपानी स्त्रीचा पोशाख’ असे एकवचनात बोलणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही. आणि दुकान उतरणीला लागले आहे, मुनिमाचे हिशेब संशयास्पद आहेत, हेही कावाबाता लपवत नाही. किमोनो रोजच्या अंगावरून उतरला, लग्नात आणि वयात आल्याच्या समारंभात जाऊन बसला, महाग झाला, भाड्याने मिळू लागला. तेव्हाच त्याला ‘परंपरा’ हे भारदस्त नाव पडले.

चारही कलाकृती पुरुषांनी लिहिलेल्या आहेत, ही त्यांची मर्यादा आहे. वस्त्र बाईच्या अंगावर आणि नजर पुरुषाची, हा प्रकार कुठेच पूर्ण सुटत नाही. तरी ‘सासामेयुकी’ मी सर्वांत वर ठेवीन. कारण तिथे ओबी कुरकुरतो, आणि शिवणाऱ्या हाताला मान का नाही हे विचारले जाते.

त्या मुलीला आता माझे उत्तर असे आहे: पोशाख पुरुषांनी हुकमाने सोडला आणि तो सांभाळण्याचे काम बायकांकडे दिले, पुढे बायकांनीही तो सोडला तेव्हा जगाने हळहळ व्यक्त केली. ती आता दहावीत आहे.

दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी माझ्या सहीने एक नोटीस निघते: सर्व शिक्षिकांनी साडी नेसून यावे. शिक्षकांनी काय घालावे याबद्दल त्या नोटिशीत एक ओळही नसते, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आले नव्हते. यंदाचे स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. नोटीस मी अजून लिहिलेली नाही.