टाकाऊतून टिकाऊ: पण किती टिकाऊ?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे सूत्र शाळांत आपण आवडीने शिकवतो. अमेरिकेने ते १९९१ च्या वाहतूक कायद्यातच घातले. केंद्रीय मदतीने होणाऱ्या डांबरीकरणात जुन्या टायरांचे रबर सक्तीचे झाले. १९९४ मध्ये ५ टक्के डांबरी मिश्रणात, तर १९९७ पर्यंत २० टक्क्यांत ते असावे, अशी अट होती. खर्चामुळे व अपुऱ्या अनुभवामुळे राज्यांनी विरोध केला आणि १९९५ मध्येच ही सक्ती रद्द झाली.

आमच्या मते दोष रबराचा नव्हता. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकातच योग्य वाट दाखवली होती. टायरमधील रबराचे रेणू गंधकाने एकमेकांना जखडलेले असतात. म्हणून ते डांबरात सहज विरघळत नाही. मात्र सुमारे १८० अंश सेल्सिअस तापलेल्या डांबरात चुरा पाऊण ते एक तास ठेवला, की तो डांबरातील हलकी तेले शोषून फुगतो. डांबर दाट व लवचीक होते, खडीवर जाड थर धरते आणि रस्त्याला भेगा उशिरा पडतात. हाच चुरा नुसता खडीत मिसळला, तर फुगायला वेळ मिळत नाही आणि परिणाम बेभरवशाचा होतो.

कायद्याने रबर किती खपले ते मोजले. रस्ता किती वर्षे टिकला, ते नाही. विद्यार्थ्यांनी मात्र हा दुसरा प्रश्न आधी विचारावा.