सरस्वती महाल : प्रदर्शन आणि सूची

इंदापुरीं मालोजीराजे भोसले लढाईंत पडले आणि त्यांचे नातू एकोजीराजे यांनीं पुढें कावेरीकांठीं तंजावरास राज्य स्थापिलें. या घराण्यानें वाढविलेलें मोठें ग्रंथधन आज ना भीमेकांठीं आहे ना कऱ्हेकांठीं. तें तंजावरच्या सरस्वती महालांत आहे. त्या संग्रहाची थोरवी अनेकांनीं गाइली आहे. आम्हांस येथें त्याचें गुणदोषविवेचन करावयाचें आहे, कारण त्यावरून आमच्या बारामती-इंदापूर प्रांतांतील पोथीधारकांस घेण्यासारखा बोध आहे.

हा संग्रह मूळ नायक राजांच्या दरबारचा. दुसरे सरफोजीराजे (1777–1832) यांनीं त्यास खरें वैभव आणिलें. 1820 च्या सुमारास ते काशीयात्रेस गेले असतां त्यांनीं तेथून पुष्कळ पोथ्या मिळविल्या. 1855 सालीं राज्य खालसा झालें. ग्रंथ मात्र वाड्यांत राहिले, आणि 1918 सालीं ते लोकांस खुले झाले. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत इत्यादिकांचे खासगी संग्रहही पुढें त्यांत मिळाले. आज तेथें सुमारें 49,000 हस्तलिखितें आहेत. त्यांत बहुतेक संस्कृत असून मराठी तीन हजारांच्या घरांत आहेत.

या संस्थेस जोडून संग्रहालय आहे. गजशास्त्राच्या सचित्र पोथ्या, ताडपत्रें, जुनीं चित्रें पाहून प्रेक्षक तृप्त होऊन परततो. याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु पोथी म्हणजे चित्र नव्हे. कांचेच्या पेटींत तिचें एकच पान उघडें राहतें, आणि तें बहुधा रंगीत असतें. ग्रंथाचा कर्ता, काळ व आश्रयदाता हे आरंभींच्या किंवा शेवटच्या पानांत दडलेले असतात. मुद्राराक्षसावरील धुंडिराजाची टीका घ्या. ती तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयानें 1713 च्या सुमारास झाली, हें आपणांस टीकाकाराच्या स्वतःच्या निवेदनावरून कळतें. तेवढीं पानें गळतीं, तर टीका राहती, पण तिचा इतिहास जाता.

म्हणून आमच्या मतें सरस्वती महालाचें खरें भूषण त्याची सूची होय. बर्नेल यांनीं 1880 सालीं संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची छापिली. पुढें पी. पी. एस. शास्त्री यांनीं वर्णनात्मक सूचीचे खंडामागून खंड काढिले. पत्रसंख्या, लिपि, आदि, अंत व पुष्पिका इतकें नोंदलें म्हणजे पुण्याचा अभ्यासक तंजावरची पोथी घरबसल्या ओळखूं शकतो.

उणीव असेल तर ती मोडी कागदांच्या बाजूस. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 सालीं कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख सर्वांस दिसतो. पण तो राजानें स्वतःच लिहविलेला वृत्तांत आहे. त्याची पारख करावयाची तर दप्तराकडे वळावें लागतें, आणि मोडी वाचणारा नसेल तर दप्तर हें केवळ कागदाचें ओझें. या कामास लागणारे वाचक महाराष्ट्रानेंच पुरविले पाहिजेत.

आतां घरच्याकडे पाहूं. बारामतीस मोरोपंतांनीं (1729–1794) आयुष्याचा मोठा भाग काव्यरचनेंत घालविला. त्या कविकुलगुरूच्या गांवांतही पोथ्यांची स्थिति आम्हीं पाहिली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं या तालुक्यांतील एका घरीं आम्हांस मोठ्या कौतुकानें भिंतीवरील चौकट दाखविण्यांत आली. तींत भागवताचें एक सचित्र पान होतें. बाकीची पोथी कोठें, असें विचारतां उत्तर मिळालें : “गुरुजी, ती साधीच होती, रद्दींत गेली.” लेखकाचें नांव, शक, गांव सर्व त्या साध्या पानांबरोबर गेलें. आतां तें चित्र कोणत्या काळचें हें सांगण्यास कोणी साक्षीदार उरला नाहीं. तेल, पाणी, सैल बंधन आणि मूर्खाचा हात यांपासून मला राख, अशी पोथीच्या तोंडीं घातलेली जुनी प्रार्थना आहे. तींत चौकटीचें भय नमूद नाहीं, एवढेंच.

संस्थेस पोथ्या दिल्या तर त्या पुन्हां दिसणार नाहींत, अशी शंका संग्राहक वारंवार घेतात. ती अगदींच निराधार नाहीं. तिच्यावर उपाय एकच : देण्यापूर्वीं स्वतः यादी करावी. ग्रंथनाम, पत्रसंख्या, आदि-अंत, शक आणि कोणाच्या घरची, ही पांच कलमें वहींत उतरावीं. एक प्रत घरीं, दुसरी संस्थेकडे ठेवावी आणि पोंच घ्यावी. पोथी नकलणाऱ्यानें महिने खर्चिले. तिचीं पांच कलमें उतरण्यास आपली एक दुपार पुरते. ज्या घरीं रुमाल अद्याप सुटलेला नाहीं, तेथें आम्ही लेखणी घेऊन येण्यास सिद्ध आहों.