हौसेची विमानं, कामाचे नकाशे

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ब्रुकलँड्स नावाची जागा आहे. १९०७ साली तिथे मोटारींच्या शर्यतींसाठी ट्रॅक बांधला गेला, आणि पुढे त्याच मैदानात विमानं उडायला लागली. मग फ्लाइंग क्लब आला आणि हौस म्हणून उडायला शिकणारी पैसेवाली मंडळीही आली. १९३९च्या ऑगस्टमध्ये शेवटची शर्यत झाली. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि खेळ संपला तो संपलाच. तिथल्या विकर्सच्या कारखान्यात मात्र वेलिंग्टन बॉम्बर बनत राहिले. वरून ओळखू येऊ नये म्हणून ट्रॅकवर झाडं लावली होती.

मी ब्रुकलँड्सपर्यंत पोचलो 'द इंग्लिश पेशंट'मुळे. अँथनी मिंगेलाचा १९९६चा सिनेमा, ९ ऑस्कर मिळालेला. त्यातलं क्लिफ्टन जोडपं बेतलंय सर रॉबर्ट क्लेटन आणि त्याची बायको डोरोथी यांच्यावर. रॉबर्ट १९३२ मध्ये आजारपणात गेला. पुढच्याच वर्षी ब्रुकलँड्सवर विमान जमिनीवर धावत असताना डोरोथी त्यातून बाहेर पडली आणि मेली. वाळवंटातली गुहा नाही, प्रियकर नाही.

सिनेमा मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा हॉस्टेलवर, आणि तेव्हा वाळूच्या टेकड्यांवरून सरकणाऱ्या विमानाच्या सावलीपलीकडे काही दिसलंच नाही. सिनेमा आपल्याला हेच पटवतो: वेगवेगळ्या देशांचे काही हौशी लोक, तंबू, दोन छोटी विमानं, आणि मग बाहेरून युद्ध येतं आणि सगळं उधळून लावतं. मॅडॉक्स विमान कुफ्राला ठेवून घरी निघतो, तो प्रसंग तर एखादा पिकनिक स्पॉट बंद झाल्यासारखा हळवा आहे.

पण युद्ध बाहेरून आलं, हे खरं आहे का? १९३२च्या खऱ्या मोहिमेत अल्माशी आणि क्लेटनसोबत पेंडरेल नावाचा रॉयल एअर फोर्सचा अधिकारी होता. त्याच वाळवंटात हौसेने गाड्या हाकणाऱ्या बॅगनॉल्डने १९४० मध्ये ब्रिटिशांसाठी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. १९४२ मध्ये अल्माशीने दोन जर्मन हेरांना ओळखीच्याच वाटांनी इजिप्तमध्ये नेऊन सोडलं. म्हणजे खेळ चालू होता तेव्हाच कामही चालू होतं.

सिनेमाला हे माहीत आहे. नवऱ्याचं विमान सरकारी आहे, त्याला उत्तर आफ्रिकेचे नकाशे हवेत, असं कॅथरीन सांगून टाकते. सगळ्या कथेला उलटं करणारं हे वाक्य! आणि मिंगेला त्यावर थांबतच नाही, कारण त्याला तिच्या चेहऱ्यावर थांबायचं असतं. पुढे अल्माशी पेट्रोलच्या बदल्यात नकाशे जर्मनांना देतो, तेव्हा आपण त्याच्याच बाजूने असतो. त्या नकाशांनी कोण मेलं, हा प्रश्न एका संवादात उरकला जातो.

ओंडाटजेच्या कादंबरीत (१९९२) हिशेब चुकता करायला किप आहे. बॉम्ब निकामी करणारा हा शीख पोरगा हिरोशिमाची बातमी ऐकतो आणि इंग्लिश पेशंटवर बंदूक रोखतो. सिनेमाने हिरोशिमाच काढून टाकलं. तिथे किप सहकारी गेला म्हणून रडतो आणि दुसऱ्या पोस्टिंगवर निघून जातो. नवीन अँड्र्यूज छान दिसतो, छान रडतो, पण आपल्याकडच्या माणसाला त्या गोऱ्या लोकांच्या नकाशांबद्दल जे म्हणायचं होतं, ते त्याच्या तोंडून काढून घेतलंय. मला याचा खरंच राग येतो.

राग येतो त्याला एक कारण माझंही आहे. मी लोकेशन डेटावर काम करतो. 'आपण फक्त पॉइंट्स क्लीन करतो,' असं आमच्या टीममध्ये सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. ते पॉइंट्स पुढे कोणाकडे जातात, हे मी आजवर एकदाच विचारलंय. उत्तर आलं, स्कोपमध्ये नाही.

तिसऱ्यांदा सिनेमा संपल्यावर मी फोनवर सॅटेलाइट व्ह्यूमध्ये ब्रुकलँड्स शोधलं. ट्रॅकचे तुकडे अजून आहेत. झाडांमधून तो मोठा वाकलेला उतार वरून स्पष्ट ओळखू येतो.