शिक्षकाचे संगणक-शिक्षण आणि मराठीचा ‘ळ’

शालेय शिक्षकाने डिजिटल साधने आत्मसात करावीत, हा विचार महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरतेची एक सर्वपरिचित कल्पना रूढ केली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले; बालभारतीची पाठ्यपुस्तकेही क्यूआर कोडाच्या द्वारे त्याच्याशी जोडली गेली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आजवर ऐच्छिक असलेले साधन एकाएकी अपरिहार्य ठरले. या वाटचालीचे मूल्यमापन बहुधा दोन अंगांनी होते : साधने किती शाळांत पोहोचली, आणि किती शिक्षकांना ती हाताळता येतात. तिसरे एक अंग मात्र दुर्लक्षित राहते. शिक्षक यंत्रावर मराठी लिहावयास शिकतो तेव्हा तो केवळ यंत्र शिकत नसतो. मराठीच्या वर्णव्यवस्थेविषयीची एक विशिष्ट कल्पनाही तो, बहुधा नकळत, स्वीकारीत असतो. ही कल्पना कोणती आणि ती वर्गात कशी उतरते, याची चिकित्सा अगत्याची आहे.

उदाहरणादाखल लोणावळा हे स्थळ घ्यावे. इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक जिल्हानिहाय असते, आणि आपल्या परिसराची ओळख हाच त्या विषयाचा गाभा असतो. तेव्हा लोणावळ्याच्या शिक्षकाने संगणकावर पहिली कृतिपत्रिका तयार करावयाची ठरविली, तर तो बहुधा परिसरातील स्थलनामांचीच करील. लोणावळा, वळवण, मळवली, तळेगाव आणि ज्या प्रदेशात ही गावे वसली आहेत तो मावळ, या सर्व नामांत ‘ळ’ आहे. मावळाचे जे तीन भाग परंपरेने मानले जातात, त्या अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ यांपैकी एकाच्या नावात ‘ण’ही आहे. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ हे मराठीतील अर्थभेदक वर्ण होत. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘गाल’ आणि ‘गाळ’, ‘मन’ आणि ‘मण’ या जोड्या त्याची साक्ष देतात. ज्या मुलाच्या घरी हिंदी बोलली जाते, त्याला हा भेद प्रथम शाळेतच भेटतो. त्याच्या दृष्टीने कृतिपत्रिकेतील एकेक अक्षर हा धडाच असतो.

आता या शिक्षकापुढे लेखनाचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग रोमन अक्षरांचा. मराठी शब्द इंग्रजी वर्णांत लिहावयाचा आणि यंत्राने सुचविलेल्या देवनागरी पर्यायांतून एक निवडावयाचा. हा मार्ग सोपा आहे, कारण रोमन कळफलकाची ओळख बहुतेकांना आधीच झालेली असते. परंतु रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर आहे, तसेच ‘न’ आणि ‘ण’ यांनाही. काही लिप्यंतर-पद्धतींत मोठ्या लिपीतील अक्षर योजून हा भेद राखला जातो खरा. पण रोजच्या वापरात तो कोणी पाळीत नाही, कारण यंत्र आपल्या कोशाच्या आधारे अंदाज बांधते आणि तो अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. लोणावळा हे प्रसिद्ध स्थळ असल्यामुळे त्याचे नाव सहसा शुद्ध उमटते. अडचण येते ती एखाद्या अल्पपरिचित वाडीचे वा ओढ्याचे नाव लिहिताना. तेथे कोशाचा आधार संपतो आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ बसण्याचा संभव वाढतो. ज्या नावाची शुद्ध नोंद अन्यत्र मिळणे कठीण, नेमके तेच नाव असे यंत्राच्या अंदाजावर सोडले जाते.

दुसरा मार्ग इन्स्क्रिप्ट कळफलकाचा. भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात प्रमाणित झालेल्या या रचनेत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबले असता ‘ख’ येतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा संबंध अशा रीतीने बोटांना कळतो. ‘ल’ आणि ‘ळ’ही एकाच कळीवर आहेत, तेथे लेखकाला प्रत्येक वेळी स्वतः निवड करावी लागते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. एका मार्गात वर्णभेद यंत्र ठरविते, दुसऱ्यात शिक्षक ठरवितो.

वेलांटीचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येते, उच्चारात मात्र स्वर व्यंजनानंतर येतो. जुने टंकलेखन यंत्र शाईच्या क्रमाने चालत असे. तेथे वेलांटी आधी उमटवावी लागे. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालते. तेथे आधी ‘क’, मग ‘इ’. टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकाला प्रारंभी इन्स्क्रिप्ट उलटे वाटते, ते यामुळेच. त्याला वाटणारी ही अडचण त्याच्या वयाची वा बुद्धीची नसून दोन लेखनतत्त्वांमधील विरोधाची आहे. प्रशिक्षकाने एवढे एक वाक्य सांगितले तरी पुष्कळ संकोच नाहीसा होईल, आणि वर्गात ऱ्हस्व वेलांटीशी अडखळणारे मूलही त्या शिक्षकाला नव्याने समजेल.

ज्या भेदांचा उलगडा पडद्यावर होतच नाही, असेही काही भेद आहेत. मावळाच्या वर्णनात ‘दऱ्या’ हा शब्द टाळता येत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा अर्थभेद रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांच्या भेदावर उभा आहे, आणि तो मराठीचा खास विशेष होय. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे साधता येतो : एक, त्याच्यासाठी असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, आत मात्र ती भिन्न असतात. साध्या शोधात एक रूप टंकून दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’चीही हीच कथा. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि आजही अनेकजण तसेच करतात. परिणामी ‘ॲप’ हा एकच शब्द दोन अंतर्गत रूपांनी वावरतो. शिक्षकाने तयार केलेले साहित्य दुसऱ्याला सापडावे अशी अपेक्षा असेल, तर हे ज्ञान तांत्रिक चोखंदळपणा म्हणून बाजूस सारता येणार नाही.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. रोमन मार्गाने असंख्य लोकांना मराठीत लिहिते केले. इन्स्क्रिप्ट अंगवळणी पडण्यास सराव लागतो. आधीच अनेक कामांनी व्यग्र असलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे का लादावे? आक्षेपात तथ्य आहे. रोमन मार्ग त्याज्य ठरवावा, असे येथे सुचवावयाचे नाही. निरोप लिहिण्यासाठी तो पुरेसा आहे. पण अक्षरओळख करून देणाऱ्या मजकुराला निरोपाहून निराळे निकष लागतात. कोणते साधन कोठे चालेल हे ठरविण्याची शक्ती शिक्षकात निर्माण व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. ‘येथे दाबा, मग तेथे दाबा’ अशा सूचनांच्या प्रशिक्षणातून ही शक्ती येत नाही; सूचना तेवढ्या पाठ होतात, आणि पडद्याची मांडणी बदलली की त्याही निरुपयोगी होतात.

साधनाला भाषेचे अधिष्ठान लाभले म्हणजे काय घडू शकते, याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी पारितोषिकाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. प्रसिद्धी मिळाली ती मुख्यतः त्यांच्या क्यूआर कोडांना. पुरस्काराच्या वेळी जे कार्य सांगण्यात आले, त्यात मात्र आणखी एक बाब होती : मुलांची मातृभाषा कन्नड असल्यामुळे पाठ्यपुस्तकांचा आशय त्यांनी त्या भाषेत आणला. कोड हे केवळ दार होते. दारापलीकडे मुलाला समजणारी भाषा होती. पुढील अनुकरणात दाराचेच कौतुक अधिक झाले, भाषेची बाब मागे राहिली.

मावळापुरता या उदाहरणाचा अर्थ स्पष्ट आहे. तेथे कातकरी आणि ठाकर समाजांच्या वस्त्या आहेत, आणि त्या मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या मराठीहून वेगळी आहे. त्या बोलीतील तयार साहित्य कोणत्याही व्यासपीठावरून आयते मिळावयाचे नाही. परंतु शिक्षकाच्या हातातील फोन ध्वनिमुद्रण करू शकतो. आजीने सांगितलेली गोष्ट, रानभाज्यांची नावे, ओढ्यांची आणि टेकड्यांची नावे त्यावर टिपता येतात, आणि मग वर्णभेद राखून लिहिताही येतात. अशा ठिकाणी शिक्षक हा साधनाचा केवळ उपभोक्ता न राहता भाषेचा नोंदकर्ता होतो.

तात्पर्य, शिक्षकाच्या साधन-प्रशिक्षणात भाषाशास्त्राला एक छोटे परंतु निश्चित स्थान मिळाले पाहिजे : कळफलकाची रचना, लेखनाचा क्रम, दिसणारे आणि साठविले जाणारे रूप यांतील भेद, आणि स्थानिक नामांची पडताळणी. याला फार वेळ लागावयाचा नाही. दोन-तीन तासिका पुरतील. त्या न दिल्यास होणारी हानी डोळ्यांत भरणारी नसेल. एखाद्या वाडीतील मूल कृतिपत्रिकेवर आपल्या गावाचे नाव ‘ळ’ऐवजी ‘ल’ने छापलेले पाहील, आणि छापलेले ते बरोबर, घरी बोलतात ते चूक, असे मनाशी धरून ते तसेच उतरवून घेईल.