फलक, सूर आणि भ्रमंती : मकबूल फिदा हुसेन यांच्या बहुमाध्यमी कलाप्रवासाची चिकित्सा

प्रस्तावना

रस्त्यालगतची भिंत हे कलेचे एक प्राचीन, परंतु समीक्षेने दुय्यम मानलेले माध्यम आहे. जुहू, वांद्रे यांसारख्या चित्रपटव्यावसायिकांची वस्ती असलेल्या मुंबईच्या उपनगरांना रस्त्यावरील भव्य रंगीत फलकांचा परिचय अनेक दशकांचा आहे. तथापि हे फलक रंगविणाऱ्या हातांची नोंद कलेच्या इतिहासात अपवादानेच आढळते. या अनामिक परंपरेतून पुढे आलेला आणि जागतिक कीर्ती लाभलेला चित्रकार म्हणून मकबूल फिदा हुसेन यांचा विचार करावा लागतो. चित्रकला, चित्रपट, संगीत आणि अखंड भ्रमंती अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी संचार केला. या संचाराची संभावना काही समीक्षकांनी ‘प्रसिद्धीचा सोस’ अशी केली, तर चाहत्यांनी त्याला ‘प्रतिभेचा स्वैर विलास’ म्हटले. ही दोन्ही मते अपुरी असून, हुसेन यांच्या विविध क्षेत्रांतील कामामागे फलकलेखनाची एकच शिस्त कार्यरत होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भित्तिलेखन आणि फलकलेखन : साम्य व भेद

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील भुयारी रेल्वेचे डबे आणि पडक्या इमारती यांवर तरुणांनी रंगाच्या फवाऱ्याने आपली नावे व चित्रे काढण्यास प्रारंभ केला. ‘ग्राफिटी’ या नावाने हा प्रकार जगभर ओळखला गेला. यातील अनेक कलावंत एकाच माध्यमात थांबले नाहीत. झाँ-मिशेल बास्किया याने १९७८ च्या सुमारास मित्रासमवेत ‘सेमो’ या टोपणनावाने भिंतींवर वाक्ये लिहिली, १९७९ मध्ये ‘ग्रे’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला आणि १९८३ मध्ये एका रॅप ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली. भिंत, सूर आणि शहरातील भटकंती ही त्याच्या बाबतीत परस्परांपासून वेगळी करता येत नाहीत.

हुसेन यांना या अर्थाने भित्तिलेखक म्हणता येणार नाही. ग्राफिटी ही विनापरवानगी केलेली कृती असते. सिनेमाचा फलक हे मजुरीवर केलेले काम असते. ग्राफिटीकार स्वतःचे नाव भिंतीवर ठसवितो. फलक रंगविणाऱ्याचे नाव फलकावर क्वचितच असते, तेथे नटाचे नाव असते. परंतु तीन बाबतींत दोहोंत साम्य आहे. दोन्ही कृती चालत्या माणसाला थबकविण्यासाठी असतात, दोन्ही वेगाने कराव्या लागतात आणि दोन्ही अल्पायुषी असतात. नवा चित्रपट लागला की जुना चेहरा पुसला जातो. हुसेन यांच्या पुढील वाटचालीचे मर्म या तीन गोष्टींत आहे.

फलकाची शाळा

हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूर येथे झाला. आई त्यांच्या शैशवातच निवर्तली आणि बालपण मुख्यतः इंदूर येथे गेले. १९३० च्या दशकात ते मुंबईत आले आणि सिनेमाचे फलक रंगवू लागले. मोबदला तुटपुंजा होता, परंतु या कामाने त्यांना जे दिले ते कोणत्याही कलाशाळेत मिळण्यासारखे नव्हते. परांचीवर उभ्या असलेल्या चित्रकाराला हाताजवळ केवळ रंगाचा एक पट्टा दिसतो. संपूर्ण चेहरा त्याला मनातच धरून ठेवावा लागतो. तपशील गाळून बाह्यरेषा ठळक करणे, सपाट रंग धीटपणे लावणे आणि दुरून पाहणाऱ्याचा सतत विचार करणे ही त्या कामाची अपरिहार्य अंगे होत. हुसेन यांच्या घोड्यांतील जोरकस रेषा आणि मोठ्या पृष्ठभागावरील त्यांचा सहज वावर यांचे मूळ युरोपीय आधुनिकतेत शोधले जाते. ते अंशतः फलकातही आहे.

१९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. १९५५ मध्ये ‘जमीन’ या चित्रास ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फलकाचे दिवस संपले, पण भिंतीचे आकर्षण ओसरले नाही. १९९० च्या दशकात वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्यासमवेत साकारलेल्या अहमदाबादच्या भूमिगत ‘गुफे’त त्यांनी वक्राकार भिंतींवरच थेट चित्रे रंगविली. आयुष्याच्या उत्तरार्धात ख्यातकीर्त चित्रकाराने पुन्हा भिंतीकडे वळावे, ही बाब अर्थपूर्ण आहे.

भ्रमंती

१९४८ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्यासमवेत हुसेन यांनी दिल्लीतील भारतीय कलेचे प्रदर्शन पाहिले. मथुरेची शिल्पे आणि बसोहलीची लघुचित्रे यांचा त्यांच्यावर दीर्घकाळ परिणाम राहिला. पुढे चीन, युरोप, राजस्थान असा प्रवास होत राहिला. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून त्यांनी हैदराबाद येथे बदरीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने रामायणावरील चित्रमालिका हाती घेतली. चित्र धनिकांच्या दिवाणखान्यापलीकडे, रामकथा जाणणाऱ्या सामान्य माणसापर्यंत जावे, हा त्यामागील विचार होता. फलक रंगविणाऱ्या माणसाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नव्हते.

१९६४ मध्ये मराठीभाषक कुटुंबात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेनंतर हुसेन यांनी पादत्राणे सोडली आणि अनवाणी चालणे ही त्यांची आयुष्यभराची खूण ठरली. पंढरपूरचा जन्म आणि अनवाणी चालणे यांची सांगड घालून येथे वारीचा संस्कार शोधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु बालपणीच पंढरपूर सुटलेल्या कलावंताच्या बाबतीत असा निष्कर्ष पुराव्याविना ठरेल. अनवाणी चालणे हा एका कवीच्या उपेक्षित मृत्यूचा शोक होता. पुढे तो लोकांनी ओळखावा असा वेशही झाला. हुसेन यांच्या संदर्भात शोक आणि प्रदर्शन यांची अशी सरमिसळ वारंवार आढळते आणि ती मान्य करूनच त्यांचे मूल्यमापन करावे लागते.

चित्रपट आणि संगीत

१९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी हुसेन यांनी ‘थ्रू द आईज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. बर्लिन महोत्सवात त्यास लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. राजस्थानात चित्रित झालेल्या या कृष्णधवल लघुपटात कथा नाही. कंदील, छत्री, जोडा, प्राणी, भिंती आणि माणसे यांच्या प्रतिमा एकापुढे एक येतात आणि त्यांना जोडण्याचे कार्य विजय राघव राव यांचे संगीत करते. येथे संगीत हे पार्श्वभूमी म्हणून येत नाही. वाक्यातील क्रियापदाचे स्थान त्यास प्राप्त होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला फलक जसे ओळीने दिसतात, तसा हा लघुपट दिसतो.

संगीताचे हे आकर्षण जुने होते. रागमालेवरील चित्रे त्यांनी त्यापूर्वीच काढली होती. पुढे पंडित भीमसेन जोशी यांच्या गायनासमवेत रसिकांसमोर चित्र रंगविण्याचा प्रयोगही त्यांनी केला. ख्यालगायनात राग ठरलेला असतो, पण मांडणी त्या क्षणी घडते आणि मैफल संपताच ती विरते. चित्रालाही अशी क्षणभंगुरता देता येईल काय, असा प्रश्न हुसेन यांनी १९९२ मध्ये कोलकाता येथे प्रत्यक्षच विचारला. लोकांसमक्ष देवींची सहा चित्रे रंगवून त्यांनी ती पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. हा प्रकार अनेकांना नाटकी वाटला. तथापि ज्याने तरुणपणी आपले काम आठवड्या-पंधरवड्यात पुसले जाताना पाहिले, त्याच्या दृष्टीने तो स्वाभाविक होता.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांत मात्र ही शिस्त अपुरी पडली. ‘गजगामिनी’ (२०००) मध्ये एकेक चौकट चित्रासारखी सुंदर आहे, पण चौकटींमधून कथेचा प्रवाह निर्माण होत नाही. प्रेक्षक फलकासमोरून पुढे जाऊ शकतो. चित्रपटगृहात त्यास बसून राहावे लागते. ‘मीनाक्षी’ (२००४) अधिक बांधीव आहे. हैदराबाद, जैसलमेर आणि प्राग या तीन शहरांतून फिरणाऱ्या कथेला भ्रमंतीचाच आकार आहे आणि ए. आर. रहमान यांच्या संगीताने तिला सलगता दिली आहे. त्यातील एका कव्वालीच्या शब्दांवर काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतल्याने चित्रपट मागे घेण्यात आला.

सार्वजनिकतेची किंमत

भिंतीवरील चित्र सर्वांचे असते, म्हणून त्यावर चुना फासण्याचा अधिकारही अनेकांना आपला वाटतो. १९७० च्या दशकातील एक रेखाटन १९९६ मध्ये एका हिंदी मासिकात छापले गेले आणि हुसेन यांच्याविरुद्ध खटल्यांची मालिका सुरू झाली. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतील घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धच्या अश्लीलतेच्या फौजदारी कारवाया रद्द केल्या, परंतु ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

दुखावलेल्या श्रद्धेचा प्रश्न खोटा नव्हता आणि त्याकडे तुच्छतेने पाहणे समीक्षेस शोभणारे नाही. परंतु आक्षेप घेणे, न्यायालयात जाणे आणि घरावर चालून जाणे यांतील अंतर पुसले गेले. कलाकृती ज्या काळात व ज्या मालिकेत घडली, तेथून उचलून छापील पानावर ठेवली की तिचा अर्थ बदलतो, याचेही भान राहिले नाही. हुसेन यांनी १९९२ मध्ये स्वतःची चित्रे स्वतः पुसली होती. त्यानंतर पुसण्याचा अधिकार इतरांनी हाती घेतला.

निष्कर्ष

१. हुसेन यांचा विविध क्षेत्रांतील संचार विखुरलेला नसून भव्यता, वेग आणि क्षणभंगुरता या फलकलेखनातील गुणांनी बांधलेला आहे.

२. संगीत हे त्यांच्या कामात प्रतिमांना जोडणारे तत्त्व आहे. जेथे ते समर्थ आहे तेथे कृती यशस्वी होते.

३. दीर्घ कथनाच्या बाबतीत ही शिस्त मर्यादित ठरते, हे ‘गजगामिनी’वरून स्पष्ट होते.

४. हाताने रंगविलेल्या फलकांची जागा आता छापील फ्लेक्सने घेतली आहे. रणजित दहिया यांनी वांद्रे येथील इमारतीवर २०१४ मध्ये साकारलेल्या दादासाहेब फाळके यांच्या चित्रासारख्या कामांतून ती परंपरा वेगळ्या रूपाने परतली आहे. अशा चित्रांखाली आज कलावंताचे नाव असते. ज्यांची नावे कधीच लिहिली गेली नाहीत, त्या फलक रंगविणाऱ्या कारागिरांचा अभ्यास महाविद्यालयीन संशोधनाने हाती घेणे आवश्यक आहे. हुसेन यांच्या कलेचे आकलनही त्याविना अपुरेच राहील.